साठवण-जाळे आणि त्यातील सीमा

दप्तर म्हटले म्हणजे जुन्या पिढीतील माणसाच्या डोळ्यांपुढे रुमालात बांधलेले कागदांचे गठ्ठे उभे राहतात. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद अशाच रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कोणत्याही दप्तरखान्याचा कारभार दोन प्रश्नांवर चालतो. कागद कोठे आहे, हा पहिला प्रश्न. आणि तो कोणी सोडावयाचा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर चुकले तर कागद सापडत नाही. दुसऱ्याचे उत्तर चुकले तर सापडलेल्या कागदावर विश्वास ठेवता येत नाही. दप्तरदाराचे खरे कसब या दुसऱ्या प्रश्नातच लागत असे.

आज जमिनीचे उतारे, पगारपत्रके, बँकेतील खाती आणि रुग्णालयातील तपासण्यांचे निष्कर्ष संगणकाच्या डिस्कवर उतरले आहेत. दप्तराचे रूप बदलले, परंतु दुसरा प्रश्न सुटला नाही. उलट तो अधिक बिकट झाला. कारण हा नवा रुमाल सोडण्यास हात लागत नाही आणि चुकीच्या माणसाने तो सोडला तरी गाठ सुटल्याची खूण मागे राहत नाही. या प्रश्नाला साठवणीच्या शास्त्राने जे उत्तर दिले, त्याला झोनिंग असे नाव आहे. मोठ्या संगणक-केंद्रांतून हे काम नित्य चालते; त्याची वार्ता मात्र केंद्राच्या भिंतीबाहेर क्वचितच येते.

प्रारंभी प्रत्येक संगणकाची डिस्क त्याच्या पोटातच असे. ही व्यवस्था सुटसुटीत होती, परंतु किफायतशीर नव्हती. एका यंत्राची डिस्क भरून वाहत असे, तर शेजारच्या यंत्रातील निम्मी जागा रिकामी पडलेली असे. शिवाय यंत्र बंद पडले की त्याच्या पोटातील माहितीही त्याच्याबरोबर अडकून पडत असे. म्हणून डिस्क यंत्राबाहेर काढून एका मोठ्या साठवण-कपाटात एकत्र ठेवाव्यात, आणि सर्व सर्व्हरांनी एका स्वतंत्र जाळ्यातून त्या कपाटापर्यंत पोहोचावे, अशी कल्पना पुढे आली. हेच स्टोरेज एरिया नेटवर्क, म्हणजे साठवण-जाळे. या जाळ्याची सर्वांत रूढ पद्धती फायबर चॅनल ही होय. तिच्या आखणीस 1988 साली आरंभ झाला आणि 1994 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने तिला मान्यता दिली. प्रारंभीच्या काळात रूढ झालेल्या उपकरणांचा वेग सेकंदास एक गिगाबिट होता. आज 64 गिगाबिट वेगाची उपकरणे वापरात आहेत. सर्व्हर आणि कपाट यांच्यामध्ये स्विच नावाची यंत्रे असतात, आणि एकमेकांस जोडलेल्या स्विचांच्या समूहास फॅब्रिक, म्हणजे वस्त्र, असे म्हणतात.

या व्यवस्थेतील एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. कपाटातील डिस्क आपल्यापासून दूर आहे, हे सर्व्हरला उमगतच नाही. त्याला जी डिस्क दिसते ती स्वतःचीच आहे, असे तो धरून चालतो. तो कपाटाकडे अमुक नावाची फाइल मागत नाही. अमुक क्रमांकाच्या खणात ही माहिती लिही, असा सरळ हुकूम सोडतो. कोणता खण रिकामा आहे आणि कोणता भरलेला आहे, याचे टिपण त्याच्या स्वतःच्या स्मृतीत असते. आता एकच डिस्क दोन सर्व्हरांना दिसू लागली तर काय होईल? पाच हजारावा खण रिकामा आहे, असे दोघांच्याही टिपणात असेल. पहिला त्यात लिहील. दुसऱ्याला त्याची वार्ता नसल्याने तोही त्यातच लिहील. दोघांपैकी कोणीही नियम मोडलेला नसतो, तरीही डिस्कवरील मजकूर बिघडलेला असतो. एकमेकांस विचारून लिहिणाऱ्या विशेष रचना उपलब्ध आहेत, हे खरे. परंतु सामान्य सर्व्हरावरील रचना तशी नसते.

याहूनही साधा अपघात संभवतो. कल्पना करा की एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी एकाच साठवण-कपाटाला तीन सर्व्हर जोडले आहेत. एकावर जमिनीचे अभिलेख आहेत, दुसऱ्यावर पगाराचा हिशेब आहे आणि तिसरा नव्या आज्ञावलींच्या चाचणीसाठी नुकताच आणला आहे. तिसऱ्यावर कार्यप्रणाली चढविताना पडद्यावर डिस्कांची यादी येते. सीमा आखलेली नसल्यामुळे त्या यादीत अभिलेखांची डिस्कही दिसते. तिचा आकारही चाचणीच्या डिस्कएवढाच असतो. अभियंता एक ओळ चुकतो, यंत्र एकदा खात्री विचारते, आणि काही क्षणांत ती डिस्क कोरी होते. दुसऱ्या दिवशी पीककर्जासाठी सातबाराचा उतारा मागावयास आलेला शेतकरी खिडकीशी उभा राहतो. आदल्या रात्रीची प्रत जपून ठेवलेली असेल तर तेथपर्यंतचे परत मिळेल. परंतु त्यानंतर नोंदलेले फेरफार पुन्हा कागदांवरून उभे करावे लागतील. मूळ कागद हाती नसेल तर कोणाच्या नावावरील नोंद खरी, हा वाद कचेरीच्या पायरीवर येऊन बसेल.

साठवण-जाळे थांबले म्हणजे व्यवहार कसा थांबतो, याचे उदाहरण मुंबईने पाहिलेले आहे. 24 फेब्रुवारी 2021 रोजी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमधील व्यवहार सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी थांबविण्यात आले आणि ते दुपारी 3 वाजून 45 मिनिटांनी पुन्हा सुरू झाले. दूरसंचार जोडण्यांत बिघाड झाल्यावर साठवण-जाळ्याने अपेक्षेप्रमाणे काम केले नाही आणि जोखीम-नियंत्रणाची यंत्रणा उपलब्ध राहिली नाही, असे एक्स्चेंजने त्यानंतर सांगितले. झोनच्या चुकीशी त्या घटनेचा संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु पडद्याआडचे हे जाळे किती मोठा भार वाहते, हे त्या दिवशी सर्वांना दिसले.

आता प्रत्यक्ष झोन म्हणजे काय ते पाहावयाचे. फायबर चॅनलच्या जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक उपकरणाला प्रथम स्विचकडे हजेरी द्यावी लागते. हजेरी दिल्यावर त्याला एक तात्पुरता पत्ता मिळतो. त्याखेरीज त्याचे कायमचे नाव असतेच. सोळा अंकाक्षरांचे हे नाव उपकरणाबरोबर कारखान्यातूनच येते, आणि एकाचे नाव दुसऱ्यास नसावे, अशी त्याची योजना असते. त्यास वर्ल्ड वाइड नेम म्हणतात. फॅब्रिकमध्ये नेम सर्व्हर नावाची एक नोंदवही असते. नवागत सर्व्हर त्या नोंदवहीस विचारतो, की येथे साठवण-कपाटे कोणती आहेत? झोन आखलेले नसतील आणि सर्वांना मोकळीक असेल, तर नोंदवही त्यास सगळ्यांची नावे सांगून मोकळी होते. झोन आखलेले असतील तर विचारणारा ज्या झोनचा सभासद आहे, त्या झोनमधील नावे तेवढी त्यास सांगितली जातात. झोन म्हणजे एवढेच: परस्परांस भेटू शकणाऱ्या उपकरणांची यादी. एकच उपकरण अनेक झोनांत असू शकते. साठवण-कपाट बहुधा असतेच, कारण त्याला अनेकांची सेवा करावयाची असते.

केवळ नाव न सांगणे पुरेसे आहे काय? तसे नाही. ज्याला पत्ता आधीच ठाऊक आहे, तो नोंदवहीस न विचारता थेट दारावर जाऊ शकतो. नोंदवहीपुरता निर्बंध घालण्याच्या पद्धतीस सौम्य झोनिंग म्हणतात. दुसरी पद्धती कठोर झोनिंगची. तीत स्विचमधील विद्युत्-मंडले प्रत्येक जाणारी-येणारी चौकट तपासतात, आणि प्रेषक व ग्राहक एका झोनमधील नसतील तर ती तेथेच टाकून देतात. आजच्या स्विचांत ही तपासणी वेग न घटविता होते. म्हणून कठोर पद्धतीच प्रशस्त समजली जाते.

झोनमधील सभासद ओळखावयाचा कसा, याविषयी दोन मार्ग आहेत. एक मार्ग जागेवरून ओळखण्याचा: अमुक स्विचवरील अमुक पोर्टाला जे उपकरण जोडलेले असेल ते. दुसरा मार्ग उपकरणाच्या कायमच्या नावावरून ओळखण्याचा. कचेरीतील उदाहरण घ्यावयाचे तर, पहिल्यात खुर्चीस अधिकार आहे आणि दुसऱ्यात माणसास. खुर्चीस अधिकार दिला म्हणजे सर्व्हरातील जोडणीचे कार्ड बदलले तरी झोन बदलावा लागत नाही. परंतु देखभाल करताना कोणी तारा काढून दुसऱ्या पोर्टात लावल्या, तर एकाचे अधिकार दुसऱ्याच्या हाती जातात. माणसास अधिकार दिला म्हणजे तार कोणत्याही पोर्टात लावली तरी चालते. मात्र कार्ड बदलले की नाव बदलते, आणि झोनमध्ये नवे नाव लिहीपर्यंत सर्व्हरला त्याची डिस्क दिसत नाही. हल्ली एकाच पोर्टाच्या मागे अनेक आभासी यंत्रे आपापल्या नावांनी नांदतात. त्यांच्यात भेद करावयाचा तर पोर्टाचा क्रमांक उपयोगी पडत नाही. त्यामुळे नावाचा मार्ग अधिक रूढ झाला आहे. मार्ग कोणताही घ्यावा. परंतु एकाच जाळ्यात दोन्हींची सरमिसळ टाळावी, हे उत्तम. बिघाडाच्या वेळी शोध करणाऱ्यास त्या सरमिसळीचाच ताप अधिक होतो.

झोन केवढा असावा, हा यापुढील प्रश्न होय. सोयीचा विचार करणारा माणूस म्हणेल की सगळे सर्व्हर आणि कपाट यांचा एकच झोन करावा. साधा हिशेब करून पाहावा. आठ सर्व्हर आणि कपाटाची दोन पोर्टे, असे दहा सभासद एका झोनमध्ये ठेवले तर त्यांच्या 45 जोड्या होतात. त्यांपैकी प्रत्यक्ष गरज आहे ती सर्व्हर आणि कपाट यांच्या 16 जोड्यांची. उरलेल्या 29 जोड्यांपैकी 28 या सर्व्हर-सर्व्हर यांच्या आहेत आणि एक कपाटाच्या दोन पोर्टांची आहे. सर्व्हरांना परस्परांशी या जाळ्यातून बोलावयाचे काहीच नसते. तरीही स्विचला त्या अनावश्यक जोड्यांसाठी आपल्या मर्यादित तक्त्यात जागा खर्चावी लागते. शिवाय झोनमधील एखादे उपकरण आले, गेले किंवा पुन्हा सुरू झाले, म्हणजे त्याची सूचना झोनमधील इतरांना जाते आणि ते नोंदवहीस पुन्हा विचारू लागतात. एका सर्व्हरचे कार्ड बिघडून तो वारंवार आत-बाहेर करू लागला, तर त्याचा उपद्रव इतर सातांना होतो.

म्हणून अनुभवी व्यवस्थापकांनी असा दंडक घातला आहे की एका झोनमध्ये सर्व्हरचे एकच पोर्ट असावे, आणि त्यास लागणारी कपाटाची पोर्टे तेवढी त्याच्यासोबत असावीत. वरील उदाहरणात असे आठ झोन होतील. एकाऐवजी आठ झोन लिहिण्याचा त्रास खरा. परंतु त्यामुळे एकाचा आजार दुसऱ्यास लागत नाही. अलीकडे स्विचांत अशीही सोय झाली आहे की झोनमधील सभासद सर्व्हर आहे की कपाट, हे नमूद करावयाचे. मग आवश्यक तेवढ्याच जोड्यांना स्विच वाट देतो. त्या सोयीने लिखाण कमी होते. तिच्या मुळाशी तत्त्व तेच आहे: ज्यांचे परस्परांशी काम नाही, त्यांची भेट घडवू नये.

कोणत्याही झोनमध्ये नसलेल्या उपकरणांचे काय करावयाचे, याचाही निर्णय आधीच झाला पाहिजे. त्यांना परस्परांशी मोकळीक द्यावयाची किंवा पूर्ण मज्जाव करावयाचा, असे दोन पर्याय स्विचमध्ये असतात. मज्जाव हाच योग्य. मोकळीक ठेवली असेल आणि काही कारणाने लागू असलेली सर्व झोनरचना रद्द झाली, तर क्षणार्धात सर्वांना सर्व डिस्का दिसू लागण्याचा संभव असतो.

येथवर आखणीचा विचार झाला. परंतु खरा कस लागतो तो पुढील देखभालीत. सोळा अंकाक्षरांचे नाव माणसाच्या लक्षात राहत नाही. एक अक्षर चुकले तरी डोळ्यांस उमगत नाही. म्हणून प्रथम प्रत्येक उपकरणास टोपणनाव द्यावयाचे, टोपणनावांवरून झोन लिहावयाचे, आणि झोनांचा एक संच करून तो लागू करावयाचा, अशी तीन पायऱ्यांची रीत आहे. टोपणनावात सर्व्हर कोणता, त्याचे पोर्ट कोणते आणि फॅब्रिक कोणते, हे उघड दिसावे. उद्या बदलून आलेल्या माणसास ते नाव वाचताच अर्थ कळला पाहिजे. कार्ड बदलले तर टोपणनावापुढील एकच नोंद दुरुस्त केली म्हणजे काम भागते. मात्र दुरुस्त संच पुन्हा लागू केल्यावाचून ती दुरुस्ती अमलात येत नाही.

याच ठिकाणी एक मोठा खड्डा आहे. लिहून ठेवलेला संच आणि प्रत्यक्ष लागू असलेला संच या दोन निराळ्या वस्तू आहेत. एका फॅब्रिकमध्ये एका वेळी एकच संच लागू असतो. नव्याने लागू केलेला संच जुन्यात भर घालीत नाही. तो जुन्याची जागा घेतो. काही रचनांत लागू संच सर्व स्विचांना आपोआप पोहोचतो, परंतु लिहिलेला मसुदा ज्या स्विचवर लिहिला तेथेच राहतो. मग असे होते की एकाने पहिल्या स्विचवर दहा नवे झोन लिहून लागू केले. महिन्याने दुसऱ्याने दुसऱ्या स्विचवरील जुना मसुदा उघडला, त्यात आपला एक झोन वाढविला आणि तो लागू केला. त्याचा झोन चालू झाला; परंतु आधीचे दहा त्या मसुद्यात नसल्यामुळे नाहीसे झाले आणि दहा सर्व्हरांच्या डिस्का भर कामाच्या वेळी दिसेनाशा झाल्या. दोघांनीही आपापले काम नीट केले होते. नोंदवह्या दोन होत्या, एवढाच दोष. म्हणून बदल नेहमी एकाच ठरलेल्या स्विचवरून करावेत, मसुदा सर्वत्र पोहोचविण्याची सोय असल्यास ती चालू ठेवावी, आणि बदलापूर्वी मसुदा व लागू संच ताडून पाहावेत.

दोन फॅब्रिक एकत्र जोडतानाही असेच दक्ष राहावे लागते. जोडणी होताच स्विच परस्परांचे संच पडताळतात. एकाच नावाच्या झोनमध्ये इकडे एक सभासद व तिकडे दुसरा असे आढळले, तर ते ती जोडणी नाकारतात आणि दोन फॅब्रिक वेगळेच राहतात. दोन स्विचांस एकच क्रमांक असला तरीही तसेच घडते. कोरा स्विच जोडला तर तो चालू फॅब्रिकचा संच निमूटपणे घेतो. परंतु अन्य ठिकाणी वापरलेला स्विच जुन्या नोंदींसह आणला, तर तेथील झोन येथील संचात मिसळण्याचा धोका असतो. म्हणून जुना स्विच जोडण्यापूर्वी त्यावरील सर्व झोन पुसून टाकावेत, हा नियम सर्वांनी पाळावा.

शहाणपणाची आणखी एक रीत आहे. महत्त्वाच्या केंद्रांत एकच फॅब्रिक नसतो. परस्परांशी मुळीच न जोडलेले दोन फॅब्रिक असतात, आणि प्रत्येक सर्व्हरचे एक पोर्ट एकात व दुसरे पोर्ट दुसऱ्यात असते. एक मार्ग बंद पडला तर दुसऱ्याने काम चालते. झोन बदलताना याचा लाभ घ्यावयाचा. प्रथम सर्व सर्व्हरांचे दोन्ही मार्ग जिवंत आहेत, याची खात्री करावी. चालू संचाची प्रत काढून ठेवावी. मग एकाच फॅब्रिकमध्ये बदल करावा, सर्व सर्व्हरांना आपापल्या डिस्का पूर्ववत दिसतात की नाही ते पाहावे, काही काळ जाऊ द्यावा, आणि त्यानंतरच दुसऱ्या फॅब्रिकला हात लावावा. घाईने दोन्ही एकदम बदलणारा माणूस दोन फॅब्रिकांसाठी झालेला खर्चच व्यर्थ घालवितो.

झोन आखला म्हणजे सर्व संरक्षण झाले, असे मात्र समजू नये. झोन सर्व्हरला कपाटाच्या दारापर्यंत नेतो. कपाटातील कोणती डिस्क कोणाला दाखवावयाची, याची वेगळी यादी कपाटाने ठेवावयाची असते. दोन्ही याद्या जुळल्या तरच डिस्क दिसते. एक चुकली तर दुसरीने सावरावे, अशी ती योजना आहे. शिवाय उपकरणाचे नाव ही त्याची ओळख आहे, ओळखीचा पुरावा नव्हे. ते नाव आज्ञावलीद्वारे बदलता येते आणि दुसऱ्याचे नाव धारण करणेही अशक्य नाही. जेथे अशा तोतयेगिरीची भीती असेल तेथे ओळख पटविण्याची स्वतंत्र व्यवस्था करावी लागते. झोन हे मुख्यतः चुकीपासूनचे संरक्षण आहे. आणि कारभारात बुद्धिपुरस्सर अपराधांपेक्षा चुकाच अधिक घडत असल्यामुळे त्या संरक्षणाचे मोल थोडे नाही.

शेवटी एक दुर्लक्षित काम राहते, ते म्हणजे निरुपयोगी झोन काढून टाकण्याचे. सर्व्हर निकालात निघतो, कपाट बदलले जाते. परंतु त्यांचे झोन तसेच राहतात. काढावयास गेलो आणि काही बंद पडले तर, या भीतीने कोणी त्यांस हात लावीत नाही. काही वर्षांनी यादीत जिवंत किती आणि मृत किती हे कोणासच सांगता येत नाही, आणि खऱ्या बिघाडाच्या रात्री शोध करणारा त्या गर्दीत चाचपडत बसतो. सर्व्हर काढला त्याच दिवशी त्याचा झोन काढावा; तो कोणाच्या सांगण्यावरून, केव्हा आणि का काढला याची नोंद करावी. तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीत जुने नाव कमी होते आणि नवे चढते, परंतु ते का बदलले हेही तेथे लिहिलेले असते. स्विच आपल्या यादीत काय आहे ते सांगेल; ते का आहे, हे मात्र ज्याने लिहिले त्यानेच लिहून ठेवले पाहिजे. यंत्र लिहिलेले तेवढे पाळते, लिहिणाऱ्याच्या मनातील हेतू ते जाणत नाही. ती नोंद व्यवस्थित असेल तर खिडकीशी उभ्या असलेल्या माणसास त्याचा उतारा वेळेवर मिळेल, आणि या साऱ्या खटाटोपाची त्यास कल्पनाही येणार नाही.